मालचोरीचे पैसे भाड्यातून कापणं बंद करा, मग पोलिसांकडं जा

जालन्याच्या एका तरुण ट्रान्सपोर्टवाल्यानं विचारलंय. त्याच्या गाड्या जालन्याची सळई आणि वाळूजचे ऑटो पार्ट घेऊन दक्षिणेकडं जातात. घाटात ताडपत्री फाडून माल गेला, एकदा ब्रोकरनं लावलेली गाडी मालासकट गायब झाली, संघटनेनं एसपी साहेबांना निवेदन दिलं, फोटो निघाले, थोडे दिवस गस्त वाढली आणि परत तेच चालू. त्याचं म्हणणं असं की बाहेरच्या देशात पोलीस आणि उद्योगवाले मिळून ह्यासाठी वेगळं पथक चालवतात म्हणे, तसं आपल्याकडं जमंल का, सुरुवात कुठून करायची, व्हॉट्सॲप ग्रुप काढू का, गाडीसोबत गार्ड पाठवू का.

सविस्तर लिहितो, कारण हा विषय मी दोन्ही बाजूंनी बघितलाय. पोलीस खात्यात बरीच वर्षं काढली, त्यातला मोठा काळ एलसीबीत म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेत आणि नंतर महामार्गावर, आणि निवृत्त झाल्यापासून वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांना माल रवाना करण्याच्या बाबतीत सल्ला देतो.

तर भाऊ, जमतं. पण निवेदनानं जमत नाही. सुरुवात तुमच्या स्वतःच्या हिशोबाच्या वहीतून करावी लागते.

होतं काय बघा. कंपनीतून ४८० बॉक्स भरले, तिकडं पार्टीकडं ४६८ उतरले. पार्टीनं पावतीवर "१२ बॉक्स कमी" असा शेरा मारला. कंपनीच्या अकाउंटवाल्यानं ट्रान्सपोर्टरच्या नावानं डेबिट नोट, म्हणजे एवढे पैसे तुमच्याकडनं वळते असा कागद, काढली, ट्रान्सपोर्टरनं ती रक्कम गाडीमालकाच्या राहिलेल्या भाड्यातून कापली, गाडीमालकानं त्यातली निम्मी ड्रायव्हरच्या पगारातून कापली. चार जणांनी चार कागदांवर ती चोरी जिरवून टाकली आणि एकाही पोलीस ठाण्याच्या डायरीत ती आली नाही. असं वर्षभर चालतं. मग तुम्ही निवेदन घेऊन जाता आणि म्हणता साहेब रोज गाड्या फुटायल्यात. साहेब समोरचा गुन्ह्यांचा तक्ता बघतात, त्यात त्या पट्ट्यात दोन-तीन गुन्हे. त्यांच्याकडं माणसं मोजकी, बंदोबस्त पाचवीला पुजलेला, सण झाला की मोर्चा, मोर्चा झाला की सभा. ज्या रस्त्यावर कागदावर गुन्हाच नाही तिथं एक गाडी आणि चार माणसं रात्रभर उभी करायची तर ते वर काय सांगणार? महिनाभर तुमच्या शब्दाला मान देऊन गस्त घालतात, नंतर ती गाडी दुसरीकडं जाते.

दुसरी बाजू पण सांगतो. जे थोडे गुन्हे दाखल होतात त्यातले पुष्कळ फक्त विम्यासाठी होतात. क्लेमला एफआयआर लागतो, तपास लागला नाही तर 'अ' समरीचा कागद लागतो म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही असा. फिर्यादी आठ-दहा दिवसांनी येतो, ड्रायव्हर सोबत नाही, बिल्टीची म्हणजे माल वाहतुकीला दिल्याच्या पावतीची झेरॉक्स अर्धी, चोरी कुठं झाली विचारलं तर "बीड ते सोलापूर दरम्यान". ठाण्यातल्या माणसाला पाच मिनिटात कळतं की ह्याला चोर नको, कागद पाहिजे. मग तोही तसाच कागद देतो. हे असं दोन्हीकडून चाललं की भरवसा कुठून येणार.

विम्याचं निघालंच आहे तर जाता जाता, पॉलिसी काढून बघा. त्यात इनलँड ट्रान्झिट क्लॉज म्हणजे देशातल्या मालवाहतुकीच्या विम्याची अट 'ए' असंल तर चोरी धरलेली असते, 'बी' असंल तर त्यात आग, वीज, अपघात, गाडी उलटणं, पूल कोसळणं असली ठरावीक संकटंच येतात, चोरी वेगळी जोडून घ्यावी लागते. पुष्कळ गाडीमालकांना हे माल गेल्यावर कळतं. आणि कॅरेज बाय रोड कायदा २००७ प्रमाणं माल पाठवणाऱ्यानं बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसात ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस दिली नाही तर पुढं दावाच लावता येत नाही, त्यामुळं कंपन्यांनी तोंडी भांडण लांबवत बसण्यात काही अर्थ नाही.

म्हणून संघटनेनं पहिलं काम हे करायचं की लहान-मोठी प्रत्येक घट एका जागी नोंदवायची. तारीख, वार, माल कुठून कुठं, माल काय, शेवटचा धड बघितला ती जागा आणि वेळ, फुटलेला दिसला ती जागा आणि वेळ, अंदाजे किंमत. ह्या तक्त्यात कंपनीचं नाव लागत नाही, कारण नावामुळंच कंपन्या गप बसतात, त्यांना वाटतं गिऱ्हाइकाला कळलं तर ऑर्डर जाईल. संघटनेच्या ऑफिसात एक पोरगं बसवा, त्याला पगार द्या, त्याचं काम एवढंच. तीन-चार महिन्यात तुम्हाला स्वतःलाच दिसायला लागतं की अमुक दोन टोलच्या मध्ये, रात्री एक ते चारच्या दरम्यान, ठरावीक माल जायलाय. हा कागद घेऊन गेलात की साहेब खुर्ची पुढं ओढून बसतात, माझ्या डोळ्यानं बघितलंय.

आता हद्दीचं. वाळूजहून संध्याकाळी निघालेली गाडी बंगळुरूकडं जायला धुळे-सोलापूर महामार्ग धरते, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ५२. वाळूज शहर पोलीस आयुक्तालयात. पाचोड संभाजीनगर ग्रामीणला. शहागडला जालना जिल्हा लागतो. गेवराई, बीड, मांजरसुंब्याचा घाट, चौसाळा हे बीड पोलिसांकडं. पारगावपासून येडशी, धाराशिव, तुळजापूर धाराशिव पोलिसांकडं, आणि तामलवाडी सोडली की सोलापूर. एका रात्रीत एवढ्या हद्दी. ड्रायव्हर तुळजापूरला चहाला उतरतो तेव्हा त्याला केबिनच्या मागं ताडपत्री कापलेली दिसते. कुठं कापली? त्याला काय माहीत, तो तर पुढं बघून गाडी चालवत होता. ठाण्यात गेला तर म्हणणार मागं जा, मागं गेला तर म्हणणार आमच्याकडं झाल्याचा पुरावा काय. तिकडं कंपनीचा फोन, माल वेळेत पाहिजे. तो निघून जातो आणि आपली वरची डेबिट नोटची गोष्ट सुरू होते.

पण कायदा आता फिर्यादीच्या बाजूनं आहे हे ट्रान्सपोर्टवाल्यांना अजून पुरतं माहीत नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्या हद्दीत झाला हे न बघता ठाण्यानं माहिती नोंदवायची, शून्य क्रमांकानं गुन्हा दाखल करून नंतर योग्य ठाण्याकडं वर्ग करायचा. माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही देता येते, मग तीन दिवसात येऊन सही करायची. ड्रायव्हरनं गाडी घेऊन ठाण्यापुढं तासन् तास बसायची गरज त्यातनं कमी होते.

कलमाचं सांगतो, फिर्याद लिहिताना हे जमलं पाहिजे. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला ३०३ आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण माल वाहणाऱ्या वाहनातनं माल चोरला, किंवा ते वाहनच चोरलं, तर ३०५ लागतं आणि तिथं शिक्षा सात वर्षांपर्यंत. घाईत ३०३ वर भागवलं जातं, तुम्ही नम्रपणे लक्षात आणून द्या. टोळीनं चाललेलं असंल तर कलम ११२ बघा, छोट्या संघटित गुन्ह्यांचं, त्यात चोरीच्या व्याख्येत मालवाहतुकीतली चोरी म्हणजे कार्गो थेफ्ट नाव घेऊन लिहिलंय, एक ते सात वर्षं. माल ताब्यात सोपवलेल्या वाहतूकदारानंच परस्पर विकला तर ३१६ प्रमाणं विश्वासघात. आणि रात्री महामार्गावर अडवून, धमकावून नेला तर ती चोरी राहत नाही, जबरी चोरी होते, ३०९, आणि सूर्यास्त ते सूर्योदय महामार्गावर झालेली असंल तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाऊ शकते. हे सगळं फिर्यादीत काय घटना लिहिली त्यावर ठरतं. "माल कमी भरला" असं लिहून आणलं तर कुठलंच कलम नीट लागत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, पथकाचा. ब्रिटनमध्ये नॅव्हसिस नावाचं पोलिसांचं एक राष्ट्रीय युनिट आहे, वाहनांच्या गुन्ह्यांची माहिती गोळा करणारं, आणि त्यातला मालवाहतुकीचा विभाग उद्योगांच्या पैशावर चालतो. कंपन्या आणि वाहतूकदार चोरीची खबर तिथं देतात, तिथले लोक वेगवेगळ्या पोलीस दलांच्या घटना एकत्र लावून टोळ्यांचा माग काढतात आणि उलट वाहतूकदारांना इशारे पाठवतात. २०२४ मध्ये त्यांच्याकडं नोंदलेल्या मालचोरीची किंमत ११ कोटी १० लाख पौंड होती. आणि एवढं असूनही तेव्हा तिकडचे वाहतूकदार तक्रार करत होते की मालचोरीला स्वतंत्र गुन्हा-कोड नाही, ती वाहनातल्या कुठल्याही चोरीबरोबर मोजली जाते, त्यामुळं खरं चित्र दडून राहतं. म्हणजे दुखणं तेच, मोजणीचं. उद्योगांची टापा म्हणून एक संस्था आहे, १९९७ पासूनची, तिनं गोदाम, ट्रक आणि पार्किंग ह्या तिन्हीच्या सुरक्षेची मानकं लिहून ठेवलीत, मोठ्या कंपन्या निर्यातीच्या करारात ती मागतात.

ह्यातलं आपण काय घ्यायचं? पैसा देऊन पथक उभं करण्याची गोष्ट मला आपल्याकडं पटत नाही, कारण ज्यानं पैसे दिले त्याचीच फिर्याद आधी घेतली जाणार हा संशय दोन-चार गाड्यांच्या मालकांना येणारच, आणि तो संशय आला की ते लोक माहिती देणं बंद करतात. आपण घ्यायची ती एकच गोष्ट, सगळ्या जिल्ह्यांच्या घटना एका टेबलावर. त्यासाठी ठाण्याच्या पीआयकडं म्हणजे पोलीस निरीक्षकाकडं जाऊन उपयोग नाही, तो त्याच्या हद्दीपलीकडं काय करणार. एसपीही एका जिल्ह्याचाच. तुम्ही जायचं परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडं. छत्रपती संभाजीनगर परिक्षेत्रात संभाजीनगर ग्रामीण, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे येतात, म्हणजे वरचा जवळजवळ आख्खा रस्ता एका साहेबांखाली. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली नांदेड परिक्षेत्रात. सोलापूर ग्रामीण मात्र कोल्हापूर परिक्षेत्रात जातं, तिथं वेगळा पत्रव्यवहार. मागायचं काय तर परिक्षेत्रात मालचोरीसाठी एक नोडल म्हणजे सगळ्यांचा समन्वय बघणारा अधिकारी, प्रत्येक एलसीबीत एक अंमलदार, महामार्ग पोलिसांचा एक प्रतिनिधी आणि संघटनांचे दोघं, आणि महिन्यातनं एक बैठक जिथं भाषण नाही, हार-तुरे नाहीत, मागच्या महिन्याच्या घटना नकाशावर टाकून बोलायचं. मसिआ आहे, सीएमआयए आहे (ह्या दोन्ही संभाजीनगरच्या उद्योजकांच्या संघटना), जालन्याचे स्टीलवाले आहेत, लातूरचे डाळ-तेल मिलवाले आहेत, सगळे आपापली वेगळी निवेदनं देण्यापेक्षा एक तक्ता द्या.

पहिल्या दोन तासात काय कळवता ह्यावर तपास पुष्कळ अवलंबून असतो. "आमची गाडी फुटली, मदत करा" असा मेसेज आला तर रात्रीच्या गस्तीवाल्यानं काय करायचं? हा बघा कामाचा मेसेज: "१४ टायर, केबिन पिवळी, काळी ताडपत्री. माल ट्रॅक्टरचे गिअर, लाकडी पेट्या ६२, पेटीवर लाल पट्टी आणि बॅच नंबर, फोटो सोबत. पाडळसिंगी टोल ११.४० ला माल धड. पारगाव टोल २.०५ ला ताडपत्री कापलेली, अंदाजे ९ पेट्या कमी. मध्ये चौसाळ्याच्या अलीकडं ढाब्यावर २० मिनिटं थांबा, बाकी कुठं नाही. ड्रायव्हर पारगाव टोलवर थांबलाय." आणि गाडीचा नंबर अर्थातच.

ह्यात काय काय आहे ते अनुभवी अंमलदार लगेच वाचतो. गिअरच्या नऊ पेट्या कुणी खांद्यावर नेत नाही, म्हणजे खाली पिकअप उभी होती. पेट्या चालत्या गाडीतनं लोटल्या असतील तर लाकूड फुटून चुरा रस्त्यावर सांडलेला असणार, घाटात जिथं भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येते तिथं उजेडाच्या आत बघायचं. थांब्याच्या २० मिनिटात झालं असंल तर ढाब्याच्या मागची वाट बघायची. पिकअप टोल चुकवून गावातनं गेली तरी कुठल्यातरी पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात येते. पण हे फुटेज थोड्याच दिवसात पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी टोलवाल्याला आणि पंपवाल्याला फुटेज जपून ठेवा म्हणून पोलिसांचं पत्र गेलं पाहिजे. आठ दिवसांनी फिर्याद दिली की ह्यातलं काहीच हातात राहत नाही. ११२ ला फोन लावाच, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर महामार्गाच्या हेल्पलाइनला, १०३३ लाही, कारण त्यांची गस्तीची गाडी जवळ असू शकते.

जीपीएसचा पुरावा देताना एक कागद सगळे विसरतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, त्याचे दोन भाग असतात, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल नंतर बदलली नाही हे दाखवणारा आकडा, पण लिहावी लागते. जीपीएसवाल्याकडनं हे कसं मिळणार ते वर्षाचा करार करतानाच ठरवून घ्या. नुसता मोबाईलवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट कोर्टात टिकत नाही.

चोऱ्या होतात कशा ते पण उद्योगवाल्यांनी नीट समजून घ्यावं, कारण निम्म्या गोष्टी गेटवरच थांबवता येतात. ताडपत्री बहुतेक वेळा केबिनच्या मागं किंवा वरनं कापतात, मागून नाही, कारण मागचा दोर ड्रायव्हर दर थांब्याला हात लावून बघतो. बंद बॉडीच्या गाडीत सील शाबूत असतं आणि माल कमी निघतो, तेव्हा सगळे ड्रायव्हरला धरतात, पण दाराच्या हँडलचे रिव्हेट किंवा बिजागरीचे बोल्ट काढून दार उघडतात आणि परत बसवून वर रंग मारतात. गाडी उतरवायच्या आधी सीलचा फोटो काढता तसा बिजागरीचाही जवळून काढा, नवा बोल्ट, ताजा रंग लगेच दिसतो. सळईचं तर तुम्हा जालनेकरांना मी काय सांगायचं. वाटेत ठरलेल्या जागी दोन-चार नग ओढून काढायचे, तेवढ्याच वजनाचं पाणी नाहीतर दगड गाडीत चढवायचे, भरलेलं वजन काट्यावर बरोबर येतं, मग रिकाम्या वजनाच्या आधी गुपचूप उतरवायचे. काट्याची चिठ्ठी दोन्हीकडची जुळते आणि माल कमी. बंडलं आणि बंडलातले नग मोजल्याशिवाय हे सापडत नाही. पावसात, रात्री, साइटवर मोजायचा कंटाळा येतो हे मान्य, पण मोजणीशिवाय दुसरा इलाज मला तरी माहीत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान आता बोगस गाडीनं होतंय. शनिवारी संध्याकाळी लोड आहे, गाड्या मिळत नाहीत, ब्रोकरकडं अनोळखी गाडी येते, भाडं बाजारापेक्षा थोडं कमी, आरसी, लायसन, विमा सगळं व्हॉट्सॲपवर. सोयाबीन असो, कापसाच्या गाठी असोत की तेलाचे डबे, गाडी भरून निघते आणि दोन दिवसांनी फोन बंद. नंबर प्लेट दुसऱ्याच गाडीची निघते. तो खरा मालक बिचारा वेगळ्याच राज्यात, त्याला ठाण्याचा फोन गेल्यावर कळतं. ह्याला पोलीस नंतर काय करणार, हे गेटवर थांबलं पाहिजे. एमपरिवहन ह्या सरकारी ॲपवर नंबर टाका, आलेली माहिती समोरच्या गाडीशी जुळवा, आणि गाडीच्या चेसिसवर कोरलेला नंबर स्वतः वाकून वाचा, आरसीच्या फोटोवरनं नाही. ड्रायव्हरचा गाडीसोबत, नंबर दिसेल असा फोटो. फास्टॅगची मागच्या दिवसातली टोल नोंद विचारा. केंद्रानं २०२२ च्या लॉजिस्टिक्स धोरणासोबत युलिप नावाची व्यवस्था सुरू केली, त्यातनं नोंदणी केलेल्या संस्थांना 'वाहन' म्हणजे गाड्यांची नोंदणी, 'सारथी' म्हणजे लायसन, आणि फास्टॅग ह्यांची माहिती एका जागी मिळू शकते. संघटनेनं ती नोंदणी करून लहान सदस्यांना तपासणी करून द्यावी, ह्याच्यावर खर्च केलेला पैसा वाया जाणार नाही. त्याच नंबरची गाडी काल तमिळनाडूत टोल ओलांडताना दिसली आणि आज तुमच्या गेटवर उभी आहे, तर माल भरू नका, सरळ ठाण्यात फोन करा.

समृद्धी महामार्गाचं काम ह्या बाबतीत सोपं आहे, ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू झालाय आणि चढताना-उतरताना प्रत्येक गाडीची नोंद होते, त्यामुळं जालन्याहून मुंबईकडं जाणारी गाडी मध्ये किती वेळ हरवली हे काढता येतं. पण गाडी समृद्धीवरनं उतरून शेवटच्या गोदामापर्यंत जाते तो तुकडा उघडाच असतो, तिथं लक्ष ठेवा.

आता जे बोलायला कुणाला आवडत नाही ते बोलतो. चोरलेला माल घेतो कोण? गिअर चोर स्वतःच्या ट्रॅक्टरला लावत नाही, सळई चोर स्वतःचं घर बांधत नाही. घेणारे आपल्यातलेच असतात, बिनबिलाचं भंगार घेणारे, ढाब्यामागून स्वस्तात सळई उचलणारे, किराणाचे ठोक व्यापारी. एकदा तेलाच्या डब्यांची गाडी गेली होती, मिलवाल्यानं बिलावरच बॅच नंबर टाकायची सवय ठेवलेली, आम्ही तोच नंबर घेऊन आसपासच्या बाजारात फिरलो आणि एका दुकानात डबे मांडलेले सापडले, तिथून उलटं चालत टोळीपर्यंत गेलो. बॅच नंबर नसता तर तो दुकानदार म्हणाला असता तेल सगळं सारखंच. चोरीचा माल घेण्याचा धंदाच करणाऱ्याला ३१७ मध्ये जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, पण ती लागायला माल ओळखता आला पाहिजे. पेटीवर, बंडलाच्या टॅगवर, कापसाच्या गाठीवर खूण आणि ती खूण बिलात. आणि संघटनेनं ठराव करून सदस्यांना लेखी बांधून घ्यावं की बिनबिलाचा माल घेणार नाही, घेताना सापडला तर सदस्यत्व रद्द. हे केल्याशिवाय पोलिसांपुढं ताठ मानेनं बसता येत नाही, त्यांना माहीत असतं कोण काय घेतो ते.

ड्रायव्हरबद्दल माझं कळकळीचं सांगणं आहे. काही ड्रायव्हर सामील असतात, मी पकडलेत. पण बहुसंख्य नसतात, आणि चोरी झाली की पहिला फटका त्यांनाच बसतो, मालक पैसे कापतो, पोलीस दोन दिवस बसवून ठेवतात, कंपनी परत गेटवर घेत नाही. मग तो चोरी दिसली तरी गप बसून पुढं जातो, आणि घाटात काय चाललंय हे सगळ्यात आधी ज्याला कळतं तोच माणूस तुमच्या बाजूनं राहत नाही. बैठकीत हे ठरवून घ्या की ड्रायव्हरनं स्वतःहून दोन तासात खबर दिली तर त्याचा जबाब लवकरात लवकर घेऊन त्याला सोडायचं, गरज असंल तर ऑडिओ-व्हिडिओवर घ्यायचा, कायद्यात सोय आहे, आणि मालकानं तपास होईपर्यंत पगार कापायचा नाही. ड्रायव्हरांची काळी यादी व्हॉट्सॲपवर फिरवणं ताबडतोब बंद करा. शहानिशा नाही, त्या माणसाला बाजू मांडायची जागा नाही, पोटावर पाय येतो, आणि उद्या अब्रुनुकसानीचा दावा आला तर ग्रुप चालवणारा अडकतो. माहिती द्यायची ती पोलिसांच्या नोडल माणसाला, लेखी.

माल परत मिळाला तरी तो मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात पडून राहतो ही भीती असते, त्यामुळंही लोक फिर्याद देत नाहीत. सोयाबीन पावसात भिजलं तर परत मिळून काय उपयोग. नव्या संहितेत कलम ४९७ मध्ये जप्त मालाचे फोटो-व्हिडिओ काढून, त्याचं वर्णन कोर्टानं १४ दिवसात तयार करून, पुढं ३० दिवसात त्याची विल्हेवाट लावायची किंवा ताबा द्यायची सोय आहे. तुमच्या वकिलानं सुपूर्तनाम्याचा म्हणजे माल ताब्यात मिळण्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकला आणि बिल, ई-वे बिल, बिल्टी जोडली तर काम होतं.

पैशाचं थोडक्यात. पोलिसांना वस्तू देण्यापेक्षा जागा उभ्या करा. घाटाच्या दोन्ही बाजूंना उजेड असलेलं, कुंपण असलेलं, संडास-पाण्याची सोय असलेलं ट्रक पार्किंग, जिथं ड्रायव्हर निर्धास्त झोपंल, ह्याच्याएवढा उपयोग कशाचाच नाही. कॅमेरे द्यायचेच असतील तर देखभालीचा पाच वर्षांचा करार सोबत द्या आणि तो कुणी भरायचा ते लिहून ठेवा. मी असे खांब बघितलेत ज्यावर देणगीदाराचं नाव ठळक आहे आणि कॅमेरा कधीचाच बंद. सगळा पैसा चेकनं, संघटनेच्या ठरावानं, हिशोब सदस्यांपुढं.

व्हॉट्सॲप ग्रुप काढा, पण दोन. एक बंद ग्रुप, नोडल अधिकारी, एलसीबीचे अंमलदार आणि संघटनेचा तो नोंदी ठेवणारा पोरगा, त्यात फक्त वर दिला तसा मेसेज. दुसरा सदस्यांचा, इशारे द्यायला, त्यात फिर्यादीचे तपशील आणि कुणाचा फोटो नाही. एकच मोठा ग्रुप केला की तिसऱ्या दिवशी गुड मॉर्निंग आणि वाढदिवस सुरू होतात आणि साहेब ग्रुप म्यूट करतात. शिवाय दोनशे लोकांत आज कुठली महागडी गाडी कुठल्या वेळी निघणार हे टाकणं म्हणजे चोराला निमंत्रणच.

गार्डचं म्हणाल तर सगळ्या गाड्यांना परवडत नाही आणि गरजही नाही. तांबं, टायर, मोबाईल, औषधं असला माल असंल तर लावा, पण एजन्सीकडं २००५ च्या खासगी सुरक्षा कायद्याखालचा परवाना आहे का ते बघूनच. बाकीच्यांनी चार-पाच गाड्या मिळून निघायचं, घाट रात्री एक ते चारमध्ये येणार नाही असं सुटायची वेळ धरायची, आणि कंपनीला सांगायचं की डिलिव्हरी चार तास उशिरा चालंल. कंपन्या तयार होत नाहीत म्हणाल, तर त्यांना तुमचा तो तीन महिन्यांचा तक्ता दाखवा, त्यात त्यांचाच माल असतो. तुमच्या संघटनेची पुढची बैठक दिवाळीच्या गर्दीआधी होत असंल तर मला कळवा, तक्त्याचा नमुना आणि महानिरीक्षकांना द्यायच्या पत्राचा मसुदा घेऊन मी जालन्याला येतो.